नारळाच्या दुधाचा रस्सा फाटतो
प्रश्न: दूध-दही बंद केलंय. फ्लॉवर-मटारच्या रश्शात नारळाचं दूध आणि आमसूल घालते, पण वर तेल तरंगतं, खाली दाणेदार पाणी. काय चुकतं?

उत्तर १: आच. खळखळ उकळलं की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि चरबी सुटते. आंबट असेल तर आणखी लवकर. एका नारळाचं खोबरं १ कप कोमट पाण्यात वाटून घट्ट दूध काढा. त्याच चोथ्यात दीड कप पाणी घालून पातळ दूध. भाजी पातळ दुधात शिजवा, घट्ट दूध शेवटी, मंद आचेवर. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. सोलकढी उकळत नाहीत ती याचसाठी.

उत्तर २: ५-६ आमसुलं पाव कप कोमट पाण्यात वेगळी भिजवा, ते आंबट पाणी गॅस बंद केल्यावरच घाला. शिवाय पातळ दुधात १ चमचा तांदळाचं पीठ कालवा, रस्सा धरून राहतो.

उत्तर ३: फाटलाच तर ७-८ भिजवलेले काजू वाटीभर रश्शाबरोबर वाटून परत मिसळा. बराचसा सावरतो. आणि मुंबईच्या उकाड्यात काढलेलं दूध ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रीजमध्ये. आंबूस दूध कशानेही वाचत नाही.