अनुभव धागा : बायबल अभ्यासातून लाभलेला आनंद आणि मार्गदर्शन

आवाहन, सातारा : रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला तो आपल्या साताऱ्यातच, आणि त्यांच्या भजनांनी आपल्या उपासनेला मराठी वळण दिले. शास्त्रवाचनातील कोणत्या उताऱ्याने आपल्याला आनंद दिला, कोणत्या निर्णयात वाट दाखवली, हे संदर्भासह लिहावे ही विनंती.

तासगाव, द्राक्ष बागायतदार : बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस लागून राहिला आणि दावण्या रोगाने घड हाती लागू दिले नाहीत, घडाला बोट लावले की कोवळे मणी ओंजळीत गळत. तेव्हा आमच्या घरसभेत जुन्या करारातील हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक चालू होते. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस संदेष्टा द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत असे एकामागून एक सांगतो, आणि तरीही आपण परमेश्वराच्या ठायी उल्लास करू असे म्हणतो. ही वचने कोणी नुसती सुटी ऐकवली असती तर ती मला सोसली नसती. परंतु आम्ही पहिल्या अध्यायापासून वाचत आलो होतो, जिथे हाच संदेष्टा ‘किती वेळ’ म्हणून देवापुढे आक्रोश करतो, आणि दुसऱ्यात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. गाऱ्हाणे मांडूनच तो या आनंदाला पोहोचला, हे उमगल्यावर मलाही मोकळेपणाने प्रार्थना करता आली. पीककर्जाचा प्रश्न होताच. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असे याकोबाच्या पत्रात (१:५) आहे, तसे मागून आणि मंडळीतील जाणत्या बागायतदारांशी बोलून आम्ही निम्मी बाग काढली व निम्मी राखली.

वाई, निवृत्त शिक्षिका : आईच्या दीर्घ आजारपणात स्तोत्र १३ ने मला धरून ठेवले. अवघी सहा वचने. आरंभी विलाप, शेवटी गायन.

मिरज, परिचारिका : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन आमच्या घरी भिंतीवर होते. महिला मंडळात फिलिप्पैकरांस पत्र सलग वाचले तेव्हा दिसले की प्रेषित पौल तुरुंगात, बंधनात असताना हे लिहितो, आणि या वचनाच्या अगदी आधी (४:२-३) सुवार्तेच्या कामात श्रमलेल्या दोन स्त्रियांना एकचित्त होण्याची विनंती करतो. म्हणजे आनंदाची आज्ञा अबोला असलेल्या मंडळीला होती, आणि आमच्याही मंडळात अबोला होता. त्या दिवशी चर्चा बराच वेळ चालली, आणि ती आवश्यकच होती. सध्या आम्ही दुसरा अध्याय पुन्हा वाचत आहोत, कारण ख्रिस्ताच्या नम्रतेविषयीचा तो भाग (२:५-११) अंगी बाणल्याखेरीज चौथ्यातील आज्ञा पाळता येणार नाही, असे सर्वांचे मत पडले.