विष्णुक्रांता कुंडीत जगवायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, बेसा साइडला राहतो. घराजवळच्या रिकाम्या प्लॉटवर मुरमात विष्णुक्रांता उगवते, तीच ती जमिनीलगत पसरणारी, पानांवर बारीक लव अन् नखाएवढं निळं फूल, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. आता तिथे बांधकाम सुरू होणार आहे म्हणून जीव खालीवर होऊन राहिला, ती घरी आणायचीच आहे.

मागच्या पावसाळ्यात दोन रोपं काढून आणली, काळी माती अन् शेणखत भरून कुंडीत लावली, रोज पाणी दिलं, आठ दिवसात देठ बुडाशी काळे पडून दोन्ही गेली. खूप वाईट वाटलं. मुळं सडली असतील, आपली काळी माती पाणी धरून ठेवते ना. यावेळी अर्धा मुरूम, थोडी रेती अन् थोडीच माती घ्यायचं ठरवलंय, बरोबर आहे का?

बियाही जमवल्यात, वाळलेल्या इवल्याशा बोंडातून बारीक कडक दाणे निघतात, ते पॉलिश पेपरवर हलके घासून पेरू की रात्रभर कोमट पाण्यात ठेवू? अन् मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा ग्रीन नेट लावायची का उन्हातच राहू द्यायची?

नर्सरीत विचारलं तर ब्लू डेज दाखवली, ती मूळची ब्राझीलची, छान आहे पण मला आपली रानातलीच हवी. कोणी घरी जगवली असेल तर प्लीज सांगा, फोटो टाकला तर अजून छान.