घरचे सगळे ग्रुप : पुण्यतिथी, ज्युरी अन् आबाजीची वही

मोठे बाबा: जय गुरू 🙏 तुकडोजी महाराजायची पुण्यतिथी हाय. कोजागिरी झाली का चौथ्या रात्री मंदिरात भजन, पाचव्या दिवशी मोझरीले मौन श्रद्धांजली. ४ वाजून ५८ मिनिटाले गुरुकुंज आश्रमात जागेवर बसेल पाहिजे, मांगच्या साली अर्धे जण गाडी लावाले जागाच पाहत होते. पेटीवर रुतू. बाकीच्यायनं नावं सांगा.

दादा: सोयाबीन सोंगून ढीग लावेल हाय, वरून आभाळ येऊन रायलं. थ्रेशरवाला सांगेन थ्या दिवशी मी वावरात. माह्यं नाव धरू नका.

संजूकाका: रुतू येतच हाय तं पिंकीच्या पत्रिकेचं डिझाईन बी घेऊन येजो बेटा. गणपती, कलश, दोन मोर, वरून आबाजीचा फोटो. तुह्यासाठी दहा मिनिटाचं काम.

ऋतुजा: मोठे बाबा नमस्कार. माझं अजून पक्कं नाही, पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरला डिझाईन कॉलेजात ज्युरी आहे. काका पत्रिकेचं मग सांगते.

मोठी आई: ज्युरी म्हंजे काय वं? कोर्टात राहते थेच का?

ऋतुजा: जवळपास तसंच मोठी आई 😄 सेमिस्टरभर जे केलं ते सगळं भिंतीवर लावायचं, समोर सर-मॅडम बसतात अन् बाहेरून एक डिझायनर बोलावतात, आपण उभं राहून सांगायचं का हे असंच का केलं. छान दिसते म्हणून केलं असं म्हटलं तर तिथंच खेळ खल्लास. पहिला प्रश्न ठरलेला, हे कोणासाठी?

संजूकाका: चित्र काढाले एवढी कोर्टकचेरी 😂

गुरुजीकाका: संजू, डिझाईन म्हणजे नुसती चित्रकला नव्हे. आपल्याकडे इंटरमिजिएटच्या परीक्षेतसुद्धा अक्षरलेखन असतंच की. अक्षरांचाही अभ्यास असतो.

संजूकाका: गुरुजी अक्षरं तं कॉम्प्युटरमधी राहतेतच. फॉन्ट निवडाचा अन् टाकाचा.

ऋतुजा: काका ते कॉम्प्युटरमध्ये आपोआप उगवत नाहीत ना. विंडोजवर मराठी टाइप केलं का इतकी वर्षं जो मंगल फॉन्ट यायचा, सेतूत, बँकेत, सगळीकडे तुम्ही पाहिला असणार, तो र. कृ. जोशींनी केलेला. १९३६ ते २००८. कवी होते, जाहिरातीत होते, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाईन विभागात, शिकवलं. आता विचार करा, इंग्रजीत सव्वीस अक्षरांचे लहान-मोठे मिळून बावन्न आकार, आपल्याकडे काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं, 'ष्ट्र'सारखी तीन अक्षरं एकमेकांवर चढलेली, हे सगळं कोणीतरी एक एक करून बसवलं तेव्हा तुमची पत्रिका छापून निघते. अन् पत्रिकेला दहा मिनिटं नाही लागत काका. तुमच्या छापखान्यात श्रीलिपी आहे, तिचे फॉन्ट वेगळ्या पद्धतीचे, मी युनिकोडमध्ये पाठवलं तर तिकडे उघडल्यावर 'श्री'च्या जागी काहीतरी भलतंच दिसू शकते, म्हणून सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, द्यावं लागते, अन् कर्व्ह केल्यावर तुम्ही फोन करणार का अमक्या जावयाचं नाव राहिलं, मग ते परत पहिल्यापासून.

पिंकीताई: मोर नको प्लीज. दोन तर अजिबात नको.

संजूकाका: तुले कोणं विचारलं

पिंकीताई: लग्न माझं आहे बाबा

आई: (व्हॉइस नोट)

गुरुजीकाका: वहिनी, मी वर्गात आहे, ऐकता येत नाही. लिहा.

आई: मी म्हटलं का तिले पहिले इचारा झोपते किती वाजता. मंगळवारी रात्री एक वाजता ऑनलाईन दिसली. सकाळी नऊले कॉलेज. वरून गच्चीवर पेटी. बोटं पाहा तिचे, फेविक्विकनं कडक झाले. तुमाले पेटी पाहिजे, पत्रिका पाहिजे, कोणी म्हणत नाई का पोरगी जेवली का.

ऋतुजा: आई जेवली गं. ग्रुपवर नको ना.

आई: ग्रुपवरच सांगतो मी. फोनवर तू हो हो करते.

आत्या (वरूड): माह्यं म्हणणं सांगू का, एक काहीतरी सोडाव. पेटी काय पुढं बी होते. पयले डिग्री.

ऋतुजा: आत्या हे सगळेच म्हणतात अन् मी पण पहिल्या वर्षी तसंच धरून चालली होती, का डिझाईन म्हणजे अभ्यास अन् पेटी म्हणजे उरलेल्या वेळात. पण पेटी उरलेल्या वेळात नाही होत, हातच राहत नाही. मी पेटीच्या मध्यमा पूर्णचं करून राहिली, दिवाळीनंतर परीक्षा आहे, तिथं अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, धावत पाहिजेत. रेक्टर मॅडम चांगल्या आहेत, सात ते आठ गच्चीवर वाजवू देतात, त्या एका तासात मोबाईल खाली ठेवून जाते म्हणून रात्रीचं काम तरी डोकं जागेवर ठेवून होते. आईला वाटते पेटीमुळे जागते, पेटीमुळे नाही जागत. जागते कारण स्टुडिओ पाचला बंद होतो, कलर प्रिंट काढायला रांग असते, अन् एक माउंटबोर्ड सरळ कापायचा म्हटलं तर अर्धा तास असाच जाते. अन् मोठ्या बाबांच्या मागे पेटी धरणं म्हणजे ती तर वेगळीच परीक्षा, ते तुम्हाला माहीत नाही 😄

मोठे बाबा: काऊन, म्या काय केलं?

ऋतुजा: रागावू नका पण तुम्ही सा पेटीच्या काळी दोन पट्टीवर धरता, पहिलं भजन बरोबर, दुसरं बरोबर, अन् मग खंजिरी रंगात आली का हळूहळू वर सरकता. थेट पांढरी तीनवर जाता असं पण नाही, मधातच कुठंतरी जाऊन बसता. पेटीला ती मधातली जागाच नाही ना. गळा कुठंही जाते, पेटीची पट्टी जिथं आहे तिथंच. मग मी आवाज बारीक करून नुसता षड्ज धरून ठेवते अन् वाट पाहते का तुम्ही खाली येता का मी वर जाऊ.

दादा: 😂😂 खरं हाय

मोठे बाबा: रंग चढला का माणूस चढतेच. टाळवाले बी चढतेत. तू बी चढत जाय.

गुरुजीकाका: भाऊ, मुलीचं बरोबर आहे. सुरुवातीलाच तंबोऱ्याचं अॅप लावून ठेवा.

मोठे बाबा: अॅपवर भजन होत नाई गुरुजी.

ऋतुजा: बरं आता खरं काम. ज्युरीचा माझा प्रोजेक्टच आपल्या भजनाच्या वहीवर आहे. आबाजींच्या हातची ती निळ्या पुठ्ठ्याची. हे कोणासाठी म्हणून विचारलं तर माझ्याजवळ उत्तर आहे, गोल बसून भजन म्हणणाऱ्या साठ-सत्तरच्या लोकांसाठी, ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, अन् मंदिरात एकच बल्ब तोही पाठीमागून. मोठे बाबा वही आठवडाभर द्याल का? नागपूरला स्कॅन करून आणते.

मोठे बाबा: वही गावाबाहेर जात नाई.

बाबा: नाईच जात.

ऋतुजा: बाबा तुम्ही पण?

बाबा: एकदा कोणंतरी नेली होती. सहा महिने आली नाई. आबाजी जेवले नव्हते नीट.

आत्या (वरूड): हो मले आठोते.

ऋतुजा: बरं मग फोटो चालतील. पण उभ्यानं काढलेले वाकडे नको, वही पाटावर सपाट ठेवून वरून सरळ, दिवसा ओसरीत, फ्लॅश बंद. दादा काढशील?

दादा: मीच भेटतो सगळ्यायले. सकाळी ढीग झाका, दुपारी मजूर पाहा, संध्याकाळी वहीचे फोटो.

ऋतुजा: सगळी वही नको रे, ज्या भजनांत पान उलटावं लागते तेवढीच. मला हाच त्रास आहे ना. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, मग पान कोण उलटणार? अंतरा इकडच्या पानावर अन् ध्रुपद मागच्या पानावर गेलं का मी अंदाजानं वाजवते अन् बाजूला बसलेल्या काकूंना कोपर मारते. म्हणून नवीन वहीत एक भजन समोरासमोरच्या दोन पानांत संपलंच पाहिजे. स्पायरल बाइंडिंग करणार, पिन मारलेलं पुस्तक आपोआप मिटते, स्पायरल सपाट उघडं राहते. कागद मॅपलिथो, चकचकीत आर्ट पेपर नाही, त्याच्यावर बल्ब चमकते. अन् अक्षर वीस पॉइंटच्या आसपास, ओळींमध्ये भरपूर जागा, कारण आपल्या अक्षराला वर मात्रा अन् खाली उकार, ओळी जवळ आल्या का वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन लागते अन् म्हाताऱ्या माणसाला ते सगळं काळंच दिसते.

मोठी आई: मले तं आताबी काळंच दिसते. मी पाठच म्हणतो.

संजूकाका: वीस पॉइंट म्हंजे केवढं?

ऋतुजा: तुमच्या ग्रामपंचायतीच्या नोटिशीच्या साधारण दीडपट धरा.

मोठे बाबा: एक सांगू का रुतू. तू शिकून रायली, तुले जास्त समजते. पण वहीत आबाजीनं ओळ जिथं सोडली ना तिथं सोडजो. कागदावर जागा उरली म्हणून भरजो नको. पोट्टे झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून आणतेत तव्हा सगळ्या ओळी सारख्या करून टाकतेत, मंग म्हणणाऱ्याले समजतच नाई दम कुठी घ्याचा. आबाजीनं ओळ अर्ध्यात तोडली म्हंजे तिथं खंजिरी वाजते, गाणारा थांबते. अन् दोन उभ्या रेघा देल्ल्या तिथं मांगचे लोक उचलतेत. एक रेघ असन तं नाई उचलत. थे चुकून नाई होय.

गुरुजीकाका: वा भाऊ.

ऋतुजा: मोठे बाबा हे मला माहीतच नव्हतं. मी एक रेघ, दोन रेघा सगळ्या दोन करून टाकणार होते. लाल शाईत 'धृ' आहे तेवढं लक्षात आलं होतं. अजून काय काय आहे असं? फोन करू का रात्री?

मोठे बाबा: नऊनंतर कर. आमच्याकडं थ्री फेज बाराले येते, पाणी द्याले जाच हाय. तवरोक जागाच हाओ.

आई: म्हंजे आता हे बी बारा वाजेपर्यंत.

ऋतुजा: आई अर्ध्या तासात ठेवते, शप्पथ. बरं माझं ठरलं ते सांगते, मग कोणी रागावू नका. चौथ्या दिवशी दुपारची एसटी, अर्धं तिकीट आहेच, तिवश्याला उतरते, दादा किंवा कोणीतरी घ्यायला या. रात्री पेटीवर मी. पहाटे परत. मोझरीला नाही येत.

मोठे बाबा: मोझरी तं रस्त्यावरच हाय बाई. मौन झालं का तिथूनच नागपूरची गाडी भेटते.

ऋतुजा: त्या दिवशी संध्याकाळी तिथून एसटीत पाय ठेवायला जागा भेटते का मोठे बाबा? हातात माउंटबोर्ड राहणार माझ्या. नागपूरला रात्री अकराला पोहोचून सकाळी ज्युरी, नाही होणार.

मोठे बाबा: हं.

मोठी आई: त्यायचं हं म्हंजे हो समज.

बाबा: मी येतो तिवश्याले घ्याले. उत्पन्नाचा दाखला बी काढून ठेवला, महाडीबीटीले लागन म्हणत होती ना. येशील तव्हा ओरिजिनल घेऊन जाजो.

ऋतुजा: हो बाबा. वसतिगृह भत्त्याच्या फॉर्मला पाहिजे. फोटो काढून पण पाठवा आजच, पूर्ण कागद येऊ द्या, शिक्का कापू नका.

संजूकाका: मंग पत्रिकेचं राहिलंच सगळं. घरात डिझायनर असून बाहेरून करा म्हंजे लोक हसतीन.

ऋतुजा: काका मी नाही कुठं म्हटलं. ज्युरी झाली का दिवाळीत बसते, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, वेळ आहे. पण दोन गोष्टी. नावांची यादी एकदाच अन् गुरुजीकाकांकडून तपासून, र्‍हस्व-दीर्घासकट. अन् कोणाचं नाव आधी कोणाचं नंतर हे तुम्ही घरात ठरवून पाठवा, त्यात मला पाडू नका.

आत्या (वरूड): थे तं महाभारत हाय 😂

संजूकाका: बरं. मोर एक चालन का मंग?

पिंकीताई: बाबाआआ

गुरुजीकाका: यादी माझ्याकडे पाठव संजू. 'कु.' आणि 'चि. सौ. कां.' मी बघतो.

दादा: ए रुतू हे घे, पयला फोटो काढून पाह्यला. बरोबर हाय का? पान ४१ वर चाहा सांडेल हाय, अर्ध्या ओळी पिवळ्या झाल्या.

ऋतुजा: मस्त आला रे. चहाचं पान पण काढ, डाग राहू दे, मला तेच दाखवायचं आहे का ही वही कशी वापरली जाते. फक्त कोपऱ्यात तुझा अंगठा येऊन राहिला तो काढ.

मोठे बाबा: थो चाहा माह्यानं नाई सांडला. आधीच सांगून ठेवतो.

मोठी आई: मंग कोणाच्यानं सांडला?