विषय: परतताना दुसरा बेस राहिला. आऊट की नाही?

मंडळी, नमस्कार.

महिनाभरासाठी गावी आलोय, दारव्हा तालुक्यात. पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खताच्या पोत्यांत माती भरून बेस केले आणि पोरांना बेसबॉल शिकवतोय. रविवारच्या सामन्यातला एक निर्णय मनातून जात नाही.

एक बाद, पहिल्या बेसवर रनर. बॅटरने धुऱ्याकडे, म्हणजे वावराच्या बांधाकडे, उंच मारला. पोट्टं दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याजवळ पोचलं आणि तिकडे झेल घेतला गेला. झेल झाला की रनरला आपल्या बेसवर परतावं लागतं, म्हणून ते मागे फिरलं, पण दुसऱ्याला न शिवता वावरातून तिरकं पहिल्यावर आलं. चेंडू त्याच्यानंतर पोचला. अंपायर होते आमचे गुरुजी, वर्षानुवर्षं क्रिकेटची अंपायरिंग केलेले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बोट वर केलं. पोट्टं त्या रात्री जेवलं नाही.

ताई, तुम्ही तिकडे मुलांच्या लीगला अंपायर म्हणून उभ्या राहता. खरं काय ते सांगा.

---

भाऊ,

गुरुजींनी पाहिलं ते बरोबर. जाताना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने शिवायचे, आणि परत फिरावं लागलं तर उलट्या क्रमाने. दुसरा ओलांडला होता, म्हणजे येताना तो शिवायलाच हवा होता. तिरकं धावणं हा मात्र गुन्हा नाही. टॅग, म्हणजे हातातला चेंडू अंगाला लागणं, चुकवायला रनर मार्गापासून तीन फुटांपलीकडे गेला तरच त्यावरून आऊट.

पण तुमच्या पोट्ट्याला आऊट द्यायला नको होतं. क्रिकेटमध्ये धाव अपुरी राहिली की अंपायर स्वतःच खूण करतो, गुरुजींच्या अंगात तीच सवय आहे. इथे अंपायरने बेस राहिल्याचं पाहूनही गप्प राहायचं. फिल्डिंगवाल्यांनी पुढचा चेंडू टाकायच्या आत चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावायचा, नाहीतर रनरला टॅग करायचं, आणि कशासाठी अपील आहे ते स्पष्ट सांगायचं. नुसता ओरडा चालत नाही. तोवर चेंडू खेळात असेल, तर रनरही मागे जाऊन चूक सुधारू शकतो. मला या नियमातली हीच गोष्ट फार आवडते: लक्ष ठेवायची जबाबदारी खेळणाऱ्यांचीच.

चेंडू धुऱ्यापलीकडे जाऊन खेळ थांबला असेल तर जपून. तेव्हा राहिलेल्या बेसच्या पुढच्या बेसला पाय लागला की मागे जाऊन शिवायची सोय संपते. आणि मागचा रनर होमला, म्हणजे शेवटच्या बेसला, पोचून धाव झाली, की पुढच्याला चुकलेला बेस शिवायला परतता येत नाही, खेळ चालू असला तरी.

पोराला जेवायला सांगा.

---

ताई,

तुमची मेल गुरुजींना वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली. मग चप्पल घालून स्वतःच त्या पोट्ट्याच्या घरी गेले. आज सकाळी वावरात दोघं तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला असं धावत होते, गुरुजी पुढे.