सेलची तिकिटं म्हणजे शुद्ध फसवणूक? जरा दमानं घ्या

बे_एके_बे

काल 'सरळमार्गी' यांनी विमानाच्या सेलवर जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जिथे चार-चार कंपन्या उडतात तिथेच नेमके सेल लागतात, म्हणजे तिथले भाव आधी फुगवलेले असतात, सेलच्या सीट मुळात नसतातच, आणि ज्याला मिळतात तो नंतर दंड भरून मरतो. खाली सगळ्यांचं "अगदी मनातलं बोललात". मनातलं असेल हो, पण बरोबर आहे का ते?

विमान उडणार हे एकदा ठरलं की पायलट, लीज, लँडिंगचे पैसे, बहुतेक इंधन हे सगळं जाणारच. एक माणूस जास्त बसला तर थोडं इंधन, कार्डवाल्याचं कमिशन, विमानतळाचे माणशी पैसे, संपलं. आणि दार लागलं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण मग शेवटच्या दिवशी भाव पाडायला हवा ना, दुकानदार उरलेला माल काढतो तसा? एअरलाइन बरोब्बर उलटं करते. कारण शेवटच्या दिवशी येणारा एकतर मीटिंगवाला असतो नाहीतर अडलेला, तो मागाल ते देतो. त्याच्यासाठी सीट राखायच्या आणि ज्या एरवी उरणारच आहेत त्या महिनोन्महिने आधी अटी घालून काढायच्या. बीओएसी या ब्रिटिश एअरलाइनमधल्या केनेथ लिटलवुडने 1972 मधे याचं गणितच मांडलंय. समजा पूर्ण भाडं सेलच्या चौपट आहे, तर त्या सीटला पूर्ण भाड्याचं गिऱ्हाईक मिळायची शक्यता पाव भागाच्या वर असेपर्यंत ती सेलला सोडायचीच नाही. म्हणून तुम्हाला मंगळवार-बुधवार आणि ऑफ सीझनच्या तारखा दिसतात आणि लाँग वीकेंडला काही म्हणजे काही दिसत नाही. सीट 'नसतात' असं नाही, तुम्हाला हव्या त्या दिवशी नसतात.

आता स्पर्धेच्याच रूटवर का? कंपनी एकटी असेल तर फिरायला जाणारा तिच्याकडे येईल नाहीतर घरी बसेल, तिला घाई नाही. चार असतील तर सर्चमधे भावाच्या क्रमाने यादी लागते आणि तो वरच्या ओळीवर टिचकी मारतो. वर राहायचं तर भाव पाडणं आलं, पण सगळ्यांसाठी पाडला तर दिवाळं निघेल, म्हणून सेल. 1985 च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने 'अल्टिमेट सुपर सेव्हर' काढलं ते पीपल एक्स्प्रेस या स्वस्तातल्या कंपनीच्या बोकांडी बसायलाच. भाव पीपल एक्स्प्रेसच्या तोडीचा, पण मोजक्या सीटवर, बाकी विमान पूर्ण भाड्याला. पीपल एक्स्प्रेसकडे ती कॉम्प्युटरची चलाखी नव्हती, त्यांचा जवळपास सगळा माल एकाच स्वस्त भावात. 1986 मधे विकली गेली बिचारी, 1987 मधे काँटिनेंटलमधे विरघळली. याला फसवणूक म्हणायचं असेल तर म्हणा, पण फसली ती समोरची कंपनी, तुम्ही नाही.

सरळमार्गी

माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. पण शेवटी तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात की! कंपनी मेली ना? मग भाव कुठे गेले?

अमेरिकेतल्या स्पिरिट या छोट्या, स्वस्तातल्या कंपनीचं उदाहरण घ्या. 1995 च्या डिसेंबरात त्यांनी डेट्रॉइट-फिलाडेल्फिया सुरू केलं, पुढे डेट्रॉइट-बोस्टन. नॉर्थवेस्ट या मोठ्या कंपनीने तिथे भाव पाडले, विमानं वाढवली, 1996 मधे स्पिरिट दोन्हीकडून बाहेर, आणि नॉर्थवेस्टचे भाव परत वर. केस झाली, खालच्या कोर्टाने उडवली होती ती 2005 मधे वरच्या कोर्टाने जिवंत केली, ज्युरीपुढे जाऊ दे म्हणाले. तेव्हा 'मोजक्या सीट, लिटलवुड, गणित' हे सगळं दाखवायचे दात आहेत. सेल हे हत्यार आहे आणि बिल शेवटी आपल्याच खिशातून जातं.

विंडोसीट

@सरळमार्गी, अर्धीच गोष्ट सांगता राव. सरकारनेच 1999 मधे अमेरिकन एअरलाइन्सवर अशीच केस टाकली होती, डॅलसच्या रूट्सवर छोट्या कंपन्यांना चिरडलं म्हणून. सरकार हरलं, 2003 मधे अपीलातही हरलं. कारण भाव खर्चाच्या खाली होता हे दाखवता आलं नाही. समोरच्याने भाव पाडला की मीही पाडणार, त्यात गुन्हा काय?

फाटकी_पर्स

कोर्टबिर्ट राहू दे, माझं ऐका. सेलमधे सासूबाईंचं तिकीट काढलं. साइट लटकत होती, वर ते घड्याळ टिकटिक करतंय 'इतक्या मिनिटांत पेमेंट करा', आणि त्या गडबडीत आडनावाच्या रकान्यात नाव पडलं नि नावाच्या रकान्यात आडनाव. माणूस तोच, पासपोर्ट तोच, जन्मतारीख तीच. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते नाव 'बदलता' येत नाही मॅम, कॅन्सल करून नवीन काढा. आजच्या भावाने! आणि जुन्याचे परत किती, तर फक्त टॅक्स, त्यातूनही प्रोसेसिंग फी कापून. कंपनीचं नाव घेत नाही, घेण्यासारखं नाहीच. सासूबाई अजून म्हणतात मी मुद्दाम केलं.

विंडोसीट

रकाना वाचून भरायचा असतो. यात कंपनीचं काय चुकलं?

फाटकी_पर्स

आलेच! दादा, तुम्ही जन्मात कधी घाईत फॉर्म भरला नाहीत ना? सुखी आहात.

बे_एके_बे

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण नाव न बदलू देण्यामागे कारण आहे आणि ते याच धाग्यातलं आहे. नाव बदलता आलं तर मी सेलमधे दहा सीट उचलीन आणि आदल्या दिवशी त्या मीटिंगवाल्याला एअरलाइनपेक्षा कमी भावात विकीन. मग पूर्ण भाडं देणार कोण? सगळा डोलारा या एका कुंपणावर उभा आहे. अमेरिकेत पूर्वी पेपरात छोट्या जाहिराती यायच्या, 'परतीचं तिकीट विकणे आहे'. विमानतळावर ओळखपत्र बघायला लागले आणि तो धंदा बसला.

फाटकी_पर्स

कुंपण समजलं. पण माझ्या सासूबाई त्यांचं तिकीट त्यांच्याच नावाने कोणाला विकणार होत्या?? आडनाव-नाव उलटं झालं की माणूस बदलतो का? जन्मतारीख जुळली तर दोन सेकंदात सुधारता येतं. येत नाही असं नाही, करायचं नाही. काळाबाजार रोखायला कुंपण घातलं म्हणता आणि फी गोळा करता ती स्पेलिंग चुकणाऱ्यांकडून.

आडवातिडवा

+1 ताई. आणि ते इन्कॉग्निटोबद्दल (आधी काय शोधलं ते साइटला कळू नये म्हणून ब्राउझरची खाजगी खिडकी) कोणी बोलत नाही. मी सर्च केलं, बायकोला दाखवायला परत उघडलं, भाव वाढलेला. आपल्यावर नजर ठेवतात हो हे लोक.

विंडोसीट

@आडवातिडवा, एकट्यासाठी शोधलंत आणि मग दोघांसाठी, बरोबर? स्वस्त भावाच्या गटात एकच सीट उरली असेल तर बऱ्याच सिस्टिम दोघांनाही वरच्या गटाचा भाव लावतात. एकेक करून शोधा, एक तरी स्वस्त मिळेल. कुकीचा (साइट तुम्हाला ओळखायला ब्राउझरमधे ठेवते ती खूण) संबंध नाही.

आडवातिडवा

दोघांसाठीच होतं. पण ठीक आहे, म्हणजे नजर ठेवून नाही, न ठेवताच लुटतात. फारच दिलासा मिळाला.

विंडोसीट

आणि @फाटकी_पर्स, एजंटला काय माहीत उलटं झालंय की दुसराच माणूस आहे? उद्या बाप-लेकाचं तिकीट 'चुकलं' म्हणून हजार लोक फोन करतील.

फाटकी_पर्स

पासपोर्टचा फोटो पाठवला होता. दोनदा. वाचायची इच्छा असावी लागते. तुम्ही एअरलाइनमधे आहात का हो? नाही, पगार मिळत नसताना इतकी वकिली कोण करतं म्हणून विचारलं. (हलकं घ्या. किंवा नका घेऊ.)

विंडोसीट

वैयक्तिक होणार असाल तर बोलणंच खुंटलं. आणि हो, अमेरिकेत एअरलाइनकडून थेट घेतलेलं तिकीट 24 तासांत फुकट रद्द करता येतं, किंवा त्याऐवजी कंपनीने तेवढा वेळ भाव धरून ठेवायचा; प्रवास मात्र सात दिवस तरी लांब हवा. असा नियम सगळीकडे असावा, एवढं मी मान्य करतो. एवढंच.

फाटकी_पर्स

उपकार झाले.

सरळमार्गी

ताईंनी नेमकं दुखणं सांगितलंय, अवांतर म्हणून झटकू नका. वीस प्रकारचे भाव, त्यांना वीस अटी, अटी टिकाव्यात म्हणून दंड. आणि 'पासून' लिहिलेला भाव कोणालाच लागत नाही, युरोपात 2008 च्या नियमाने पूर्ण भाडं टॅक्ससकट दाखवायला लावलं तेव्हा कुठे जरा शिस्त आली. वर्षभर एकच रास्त भाडं ठेवा ना. ना सेल, ना घड्याळ, ना कुंपण.

बे_एके_बे

ते करून झालंय हो! 1992 च्या एप्रिलमधे त्याच अमेरिकन एअरलाइन्सने सगळे भाव गुंडाळून चार सुटसुटीत भाडी ठेवली, अगदी तुमच्या मनासारखी. बाकीच्यांनी काय केलं? लगेच त्याखाली भाव लावले. नॉर्थवेस्टने मोठ्यांना मुलाबरोबर फुकट न्यायची स्कीम काढली, मग अमेरिकननेच चिडून उन्हाळ्याची भाडी निम्मी केली. विमानं खच्चून भरली आणि तरी सगळे तोट्यात. वर्ष संपायच्या आत ती सुटसुटीत भाडी गुंडाळली. एकट्याने साधं राहायचं ठरवलं की शेजारी खातो.

आणि लोकांनाही साधं नको असतं. 1973 मधे ब्रॅनिफ या एअरलाइनने डॅलस-ह्यूस्टन 26 डॉलरचं 13 केलं, छोट्या साउथवेस्ट कंपनीला संपवायला. साउथवेस्ट म्हणाली 13 द्या, नाहीतर 26 द्या आणि दारूची बाटली घरी न्या. ऑफिसच्या पैशाने उडणाऱ्यांनी 26 दिले, बाटली काखेत मारली! बिल साहेबाचं, बाटली आपली. एकाच विमानात दोन भाव का चालतात ते यात सगळं आलं.

सरळमार्गी

बाटलीची गोष्ट चांगली आहे, मान्य. पण त्यात साउथवेस्ट छोटी होती, जिंकली म्हणून गोड वाटते. तुमचीच पीपल एक्स्प्रेस हरली. लेकर ही स्वस्तातली ब्रिटिश कंपनी तर 1982 च्या फेब्रुवारीत एका सकाळी बंद, प्रवासी जिथल्या तिथे अडकले. सेलचं तिकीट म्हणजे आपण कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज, आणि भाव जितका पडलेला तितकी कंपनी गळ्याशी आलेली असायची शक्यता जास्त. हे तुमच्या गणितात कुठे बसतं?

बे_एके_बे

बसतं. सहा महिने आधी पैसे हातात येतात हेही सेलचं एक कारण आहेच, नाही कुठे म्हणालो. पण धडधाकट कंपन्याही मंदीच्या महिन्यांत दरवर्षी सेल लावतात, सेल दिसला की बुडाली असं नाही. 'भाव फुगवून मग उतरवतात' हे मात्र तुम्ही अजून दाखवलेलं नाही.

सरळमार्गी

बरं, 'फुगवून' शब्द मागे घेतो. 'राखून' म्हणतो. खूश?

फाटकी_पर्स

तुमचे शब्द दोन मिनिटांत बदलून मिळाले. माझ्या सासूबाईंचं नाव नाही.

विंडोसीट

परत तेच.

फाटकी_पर्स

हो, परत तेच. पैसे परत येईपर्यंत तेच.