मदत हवी आहे: जर्मनीत नेमणूक झालेल्या फादरसाठी लायसन्स आणि बोलीभाषा

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ कॅथलिक धर्मगुरू आहे. ठाण्यात सहायक फादर होता, आता बव्हेरियातल्या खेड्यात नेमणूक झाली आहे. तिथे एकाच फादरकडे आसपासच्या गावांतली चार-पाच चर्च आहेत. एका गावची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आटोपून लगेच दुसरीकडे पोहोचायचं, आणि रविवारी बस जवळजवळ नसतेच.

भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं, ते डिसेंबरात संपतील. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते, तयारी चालू आहे. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र सूचना जर्मनमध्येच. गाडी त्याला उत्तम येते, घोडबंदर रोडवर रोज चालवायचा.

जर्मन बी-टूपर्यंत, म्हणजे वरच्या मध्यम पातळीपर्यंत झालंय, पण ते पुस्तकी. मिस्सेनंतर म्हाताऱ्या बायका थांबून बव्हेरियन बोलीत काहीतरी मनातलं सांगतात, त्यातलं त्याला अर्धंच कळतं. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर तर फार जिवाला लागतं त्याच्या. बातम्या, रेडिओ ऐकून झालं, पण तिथे प्रमाण जर्मन. शहरातला क्लास गाडीशिवाय जमत नाही.

परत बोलवा, असं कृपया सुचवू नका. त्याला तिथेच राहायचंय, लोकही मायेचे आहेत.

बव्हेरियात राहिलेल्यांनी सांगा: बोलीला कान कशाने सरावला? आणि बर्फात घाईने परीक्षा द्यावी, की मार्चपर्यंत थांबून तोवर गावातल्या कुणाला सोडायला सांगणं तिथे चालतं?