जिभेखालच्या गोळीतून 2 महिन्यांत सुटता येईल का? मस्कतची नोकरी आलीये

वायरमन_ठाकुर्ली

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो.

वय 36. सोसायट्यांची वायरिंगची आणि एसीची कामं करतो. आधी ब्राऊन शुगर (गर्द) होती. चार वर्षं पन्नीवर ओढायचो, शेवटचं दीड वर्ष सुई. 2019च्या गणपतीनंतर सरकारी केंद्रात गर्दऐवजी रोज घ्यायची ब्यूप्रेनॉर्फिन-नॅलोक्झोनची गोळी सुरू केली. रोज सकाळी साडेनऊला रांग. सिस्टर गोळी चुरून जिभेखाली टाकायच्या, विरघळेस्तोवर समोरच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही. लॉकडाऊनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या आणि जगणं सोपं झालं. तेव्हापासून सुईला हात नाही. एचआयव्ही निगेटिव्ह. लग्न झालं, बायकोला आधीच सगळं सांगितलं होतं. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून गोळ्या कपाटात कुलपात. किल्ली बायकोकडे.

सध्या 2 मिग्रॅच्या तीन, म्हणजे 6 मिग्रॅ.

आता भानगड अशी की मेव्हण्याने मस्कतला एसी मेंटेनन्समध्ये जागा बघितलीये. दोन महिन्यांत निघायचं. गोळी तिकडे नेता येणार नाही हे मला कळतं. अप्पांना (वडील) कुणीतरी एक खाजगी केंद्र सांगितलंय. फोनवर तिथला माणूस म्हणाला, "पंधरा दिवसांत गोळी झिरो, गॅरंटी." 65 हजार. अप्पा एफडी मोडायला तयार आहेत. त्यांच्या लेखी मी अजून गर्दुल्लाच आहे, फक्त गर्द सरकारी झालंय इतकंच.

मी आपल्या डोक्याने सुरुवात करून बघितली. दहा दिवसांपूर्वी तीनच्या दोन केल्या. पहिले दोन दिवस काहीच नाही, म्हटलं जमलं! तिसऱ्या दिवशी शिडीवर असताना जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा. रात्री पाय स्वस्थ राहीनात, बायको दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली. अजून झोप नीट नाही.

तर विचारायचं हे: पंधरा दिवसांत होतं का खरंच? कुणी केलंय?

सह्यकडा

भाऊ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एक व्यसन सोडून दुसरं धरलंत. मनाचा निश्चय असेल तर पंधरा दिवसही लागत नाहीत. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा, सकाळी कोमट पाणी, प्राणायाम. माझ्या साडूची तंबाखू अशीच सुटली.

निळी_छत्री

सह्यकडा, तंबाखू आणि हे एका पारड्यात घालू नका. आणि शिबिराच्या अर्जात चालू औषधांबद्दल विचारतात, तिथे खोटं लिहून टर्कीत (औषध तुटल्यावरच्या त्रासात) बसायचं का यांनी?

वायरमनदादा, मी व्यसनमुक्ती विभागात नऊ वर्षं नर्स आहे. गोळी चुरून देणाऱ्यांतलीच. तुमची डॉक्टर नाही, त्यामुळे डोस मी ठरवणार नाही. पण तुम्हाला जे झालं ते का झालं, तेवढं सांगते.

ही गोळी अंगातून फार सावकाश उतरते. एका डोसातलं निम्मं औषध जायलाच दीडेक दिवस लागतो. म्हणून कमी केल्यावर पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी शिडीवर गाठतं. गर्दची टर्की लवकर येते, हिची उशिरा येते आणि लांबते. पंधरा दिवसांत "झिरो" होईल, अंगात औषध उरणार नाही. पण झोप, बेचैनी, पायांची वळवळ काही आठवडे चालू शकते, आणि तोवर केंद्रवाल्याचं बिल फाटलेलं असतं.

दुसरं. तुम्ही इलेक्ट्रिशियन, म्हणून तुमच्या भाषेत: गर्द म्हणजे पंखा पाचवर. ही गोळी म्हणजे रेग्युलेटर दोनवर अडकवून ठेवलेला. कितीही फिरवा, पाचवर जात नाही, आणि बंदही पडत नाही. मेंदूत ज्या जागांवर गर्द बसतं तिथेच ही बसते, गर्दपेक्षा घट्ट. 16 मिग्रॅला साधारण 80 टक्के जागा भरतात, 2 मिग्रॅला सुद्धा 40च्या आसपास भरलेल्या असतात. म्हणजे वरचे 14 मिग्रॅ काढले तर निम्म्याच जागा रिकाम्या होतात, आणि शेवटचे 2 काढले की उरलेल्या सगळ्या. म्हणून लोक 16 वरून 4 पर्यंत हसत येतात आणि 2च्या खाली रडतात. त्यासाठीच 0.4 मिग्रॅची छोटी गोळी असते. सहाची चार एका झटक्यात करणं म्हणजे तिसरा हिस्सा उडवला तुम्ही. आम्ही एवढी मोठी उडी क्वचितच मारायला लावतो. थोडं कमी करायचं, दोन-चार आठवडे थांबायचं, झोप जागेवर आली की पुढची पायरी. महिने लागतात. कुणाला वर्ष.

केंद्रात जायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी हे विचारा: मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, कागद दाखवा. रोज येणारा सायकिअ‍ॅट्रिस्ट कोण? तुम्ही स्वतःहून दाखल झालात आणि निघायचं म्हणालात तर सोडणार का? 2017च्या कायद्यात साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे, तरी विचारा. आणि नॅल्ट्रेक्सोन (गर्दचा परिणाम अडवणारी गोळी) कधी सुरू करतात हे नक्की विचारा. अंगात ब्यूप्रेनॉर्फिन असताना ती गोळी दिली तर तासाभरात अशी टर्की येते की माणूस भिंतीवर डोकं आपटतो. साध्या गर्दनंतरसुद्धा 7 ते 10 दिवस थांबायचं असतं, या गोळीनंतर कधी दोन आठवडेही.

अप्पांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. शरीराला सवय झालीये, हे खरंच आहे. पण व्यसन म्हणजे गोळीसाठी बायकोचं मंगळसूत्र विकणं. तुमच्या घरी किल्ली बायकोकडे आहे.

बाबू_परळ

मित्रा, मी अकरा वर्षांपूर्वी याच रांगेत होतो. दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितो.

पहिल्यांदा केंद्र. नाव घेत नाही. गेटवर गोळ्यांची पिशवी काढून घेतली, म्हणाले इथे ड्रग्ज चालत नाहीत. 8 मिग्रॅवर होतो मी. चौथ्या दिवसापासून जे सुरू झालं ते सांगत बसत नाही, फक्त एवढं की बावीस रात्री मी छताच्या पट्ट्या मोजल्या. सत्तावीस होत्या. सकाळी सहाला व्यायाम, मग प्रार्थना, मग एकेकाने उभं राहून मी कसा नालायक ते सांगायचं. 30 दिवसांनी हार घालून घरी पाठवलं. आईने पुरणपोळ्या केल्या. आठव्या दिवशी मी रे रोडला होतो, पन्नी हातात.

मग परत गोळीवर आलो, आणि दोन वर्षं कमी करायचं नावच काढलं नाही. आधी काम धरलं, मग राहती जागा बदलली, मग नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एनए) मीटिंगला जायला लागलो. (एनएच्या काही ग्रुपमध्ये गोळीवाल्याला "क्लीन" म्हणत नाहीत, बोलू देत नाहीत. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. चहा तर सगळ्यांना सारखाच मिळतो.) मग डॉक्टर म्हणाले आता उतरू. 8 वरून 2 ला पाच महिने. 2 वरून शून्याला नऊ. मधे आई गेली तेव्हा दोन महिने एकाच पायरीवर थांबलो, डॉक्टरांनीच सांगितलं, आता हलायचं नाही. शेवटी 0.4 एक दिवसाआड. तरी सोडल्यावर तीन आठवडे घामाने बनियन बदलत होतो. झालं पण.

केंद्रं सगळी वाईट असं मी म्हणत नाही. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे, तिथून उभे राहिलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. राहून उपचार घेण्याचा फायदा असतोच, शेवटच्या पायरीला तर खूप. पण ते तुझ्या डॉक्टरशी बोलून, कागद हातात घेऊन. एजंटच्या गॅरंटीवर नाही. 65 हजारांत गॅरंटी फ्रिजची मिळते.

आणि व्हिसाची तारीख बघून गोळी उतरवू नकोस रे.

सुमन_नाशिक

मी रोज वाचते, लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ गोळीवर तीन वर्षं चांगला होता. आम्हीच मागे लागलो की आता पुरे. 21 दिवस केंद्रात ठेवलं होतं. घरी आल्यावर अकराव्या दिवशी गेला. त्याने पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले शरीराची सवय गेलेली असते, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही. अप्पांना हे दाखवा.

निळी_छत्री

सुमनताई, लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

दादा, गोळी बंद झाल्यावरचे पहिले चार आठवडे सगळ्यात धोक्याचे, ते याचसाठी. परदेशात, एकटं, नवीन खोली, उन्हात काम, तिथे ते चार आठवडे काढायचे? आणि गोळी खिशात घालून विमानात बसायचा विचारही करू नका, चिठ्ठी असली तरी. गल्फचे कायदे फार कडक आहेत.

वायरमन_ठाकुर्ली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला.

सुमनताईंचं अप्पांना वाचून दाखवलं. चष्मा काढून बसून राहिले. मग म्हणाले, त्या केंद्रवाल्याला फोन कर, नोंदणी विचार. केला. "तुम्ही या तर खरं, कागद वगैरे इथे बघू." अप्पांनीच फोन घेतला माझ्या हातातून आणि ठेवून दिला. एफडी आहे तशी आहे.

गुरुवारी ओपीडीत गेलो. अप्पा पहिल्यांदा बरोबर आले. रांगेत उभे राहिले माझ्यासोबत दीड तास, पुढचा पोरगा त्यांच्याशी क्रिकेटवर बोलत होता, त्यांना वाटलं तो कुणाला तरी सोडायला आलाय. डॉक्टरांनी आधी मला झापलं. मग म्हणाले परत सहावर या, महिनाभर झोप नीट होऊ दे, मग बघू. शिडीवर चढायचं बंद काही दिवस. बाबूभाऊ, तुमची चौदा महिन्यांची गोष्ट सांगितली, तर म्हणाले तेवढे लागतीलही.

एक विसरलो होतो विचारायचं. माझ्या डावीकडच्या दोन दाढा किडल्यात. गोळीमुळे होतं का हे?

निळी_छत्री

होऊ शकतं. तोंडात विरघळणाऱ्या ब्यूप्रेनॉर्फिनबद्दल अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2022 मध्ये दातांचा इशारा दिलाय. गोळी पूर्ण विरघळली की घोटभर पाणी तोंडात हळू खळबळून गिळायचं. ब्रश लगेच नाही, तासाने. दाढा दाखवून घ्या, आणि डेंटिस्टला गोळीबद्दल आधी सांगा, म्हणजे ट्रामाडॉलसारखं अफूच्या जातीचं दुखण्याचं औषध लिहून देणार नाही.

रात्री-अपरात्री फारच वाटलं तर 14446 आहे, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. टेलिमानस 14416.

वायरमन_ठाकुर्ली

लिहून ठेवले नंबर, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले.

मेव्हण्याला सांगायचं राहिलंय. त्याने तिकडे साहेबाकडे शब्द टाकलाय माझ्यासाठी. काल दोनदा फोन केला, उचलला नाही, ड्युटीवर असेल. आज रात्री परत करतो.